आकाशगंगेतली भावकी

महाराष्ट्रात कर्जत दोन आहेत. एका कर्जतला मुंबईहून लोकल येते, पावसाळ्यात पर्यटक येतात, शिवाय नितीन देसाईंनी उभारलेला भलामोठा चित्रपट स्टुडिओही तिथलाच. दुसरं कर्जत आमचं, नगर जिल्ह्यातलं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण स्टँडवरचा माणूस अजून ‘नगर लागली का?’ असंच विचारतो. आमच्याकडे लोकल नाही, धबधबे नाहीत आणि पाऊस आलाच तर पत्ता चुकल्यासारखा येतो. ‘कर्जतचे का? वा! मग एखाद्या वीकेंडला येतोच,’ असं मुंबईचा माणूस म्हणाला, की आम्ही ओळखतो, याच्या डोक्यात दुसरं कर्जत आहे. खरं कोणतं आणि दुसरं कोणतं, या वादात आम्ही जन्मतःच पक्षकार असतो. म्हणूनच असेल, ‘स्टार वॉर्स’वरची भांडणं आमच्या गावाला मानवली.

कर्जतमध्ये या विषयावर भांडणारी माणसं आहेत हे ऐकून पुण्यातल्या लोकांच्या भुवया वर जातात. पुणेकरांच्या भुवया तशा कशानेही वर जातात, म्हणून ते सोडून देऊ. निमित्त आहे नव्या चित्रपटाचं. ‘द मँडलोरियन अँड ग्रोगू’ हा चित्रपट २२ मे २०२६ ला येतोय. २०१९ नंतर या मालिकेतला थिएटरात लागणारा हा पहिलाच. अजून कोणीही तो पाहिलेला नाही, त्यामुळे वाद जोरात आहे. चित्रपट पाहून झाला की माणसाला दाखले द्यावे लागतात. न पाहिलेल्या चित्रपटावर निव्वळ तत्त्वासाठी भांडता येतं.

हे भांडण रोज संध्याकाळी चहाच्या टपरीवर चालतं. मास्तर निवृत्त आहेत. त्यांच्या मते ही मालिका १९८३ साली संपली आणि पुढचं सगळं अतिक्रमण आहे. वकीलसाहेब चाळिशीचे. १९९९ ते २००५ या काळात आलेल्या तीन चित्रपटांवर ते वाढले, त्यामुळे जगाने नावं ठेवलेल्या त्या तिघांचं वकीलपत्र त्यांनी कोणी न मागता घेतलंय. इंजिनिअर हिंजवडीतल्या कंपनीत आहे आणि आठवड्यातले निम्मे दिवस घरून काम करतो, म्हणजे टपरीवर असतो. मास्तरांची सून बँकेत आहे. घरी जाताना ती सासऱ्यांना न्यायला म्हणून थांबते आणि सासऱ्यांपेक्षा जास्त बोलते. मोबाइल दुरुस्तीवाल्याचा पक्ष वेगळाच, त्याच्याकडे नंतर वळू. टपरीचे मालक मामा. त्यांनी या मालिकेतला एकही चित्रपट पाहिलेला नाही, म्हणून निकाल तेच देतात.

मामांना पहिली अडचण आली ती आकड्यांची. १९७७ साली जो पहिला चित्रपट आला तो भाग चौथा. १९८०चा पाचवा, १९८३चा सहावा. मग सोळा वर्षं सामसूम आणि १९९९ ला अवतरला भाग पहिला. तीन चित्रपटांत ते मागचं उरकलं, आणि २०१५ ला सातवा. गंमत म्हणजे १९७७च्या चित्रपटावर चार हा आकडा मुळात नव्हताच. १९८१ ला तो पुन्हा प्रदर्शित केला तेव्हा चिकटवला.

“म्हंजे आधी घर बांधलं अन् मागून एनए करून घेतलं,” मामा म्हणाले.

त्या दिवसापासून या सगळ्या प्रकाराला महसुली भाषा लागू झाली, आणि खरं सांगायचं तर इतकी चपखल भाषा या मालिकेला दुसरी नाही. कारण वरवर ही अंतराळातली लढाई दिसत असली, तरी आत शिरलात की ती भावकी आहे. बाप एकीकडे गेला. पोरगा बापाच्या सावत्र भावाकडे वाढला. पोरगी परक्या घरात दत्तक गेली. दोन चित्रपट होईपर्यंत त्या दोघांना आपण सख्खे जुळे आहोत याचा पत्ता नाही, आणि मधल्या काळात त्यांच्याकडून जे काही झालं त्याबद्दल मास्तर आजही मान खाली घालून बोलतात. पुढे पोरीच्या पोराने आजोबांचं वितळलेलं शिरस्त्राण देवासारखं समोर ठेवून आपल्याच बापाला मारलं. दक्षिण महाराष्ट्रात घराण्यांच्या वंशावळी सांगत हेळवी फिरतात. ही गोष्ट रचणाऱ्या जॉर्ज लुकासने सुरुवातीलाच एखाद्या हेळव्याला दोन दिवस ठेवून घेतलं असतं तर निम्मे घोटाळे टळले असते.

तरीही पहिला चित्रपट आमच्या तालुक्याला जितका कळला तितका तो अमेरिकेतही कोणाला कळला नसेल, असा मास्तरांचा दावा आहे, आणि यात तथ्य आहे. नायक राहतो त्या ग्रहावर नुसतं वाळवंट. डोक्यावर सूर्य दोन. आमच्याकडे सूर्य एकच, पण मे महिन्यात तो दोघांचं काम बघतो. नायकाचे काका शेतकरी; शेती कसली, तर यंत्रं लावून हवेतला ओलावा काढायचा. पोराला बाहेर शिकायला जायचंय, वैमानिक व्हायचंय. काका म्हणतात, एवढा एक हंगाम थांब, माणसं मिळत नाहीत, पुढच्या वर्षी बघू. पोरगं ताटावरून उठून बाहेर जातं आणि मावळतीकडे बघत उभं राहतं. काकू मात्र नवऱ्याला समजावते, की त्याला असं कायमचं अडकवून ठेवता येणार नाही.

हा प्रसंग ट्युनिशियाच्या वाळवंटात चित्रित झालाय असं सांगतात. मिरजगावच्या शिवारात झाला असता तरी एका संवादाचा फरक पडला नसता. मास्तर वर्गात हा प्रसंग सांगायचे, तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प होत, कारण त्यातल्या निम्म्यांना त्यांच्या काकांनी त्याच आठवड्यात तेच सांगितलेलं असे. प्रौढांची प्रतिक्रिया वेगळी होती. हवेतून पाणी काढणाऱ्या त्या यंत्राबद्दल ऐकून मामांचा पहिला प्रश्न, “त्याला अनुदान किती?” आणि दुसरा, “आपल्याकडं कुकडीचं आवर्तन सुटतंय तवा टेलला पाणी येत नाही, तर हवेतलं कुठून यायचं?” टेलच्या माणसाला आकाशगंगेतही शेवटचाच नंबर, यावर मात्र सगळ्या पक्षांचं एकमत आहे.

खरा तंटा सुरू होतो तो नोंदींवरून. २०१२ साली लुकासने आपली कंपनी चार अब्ज डॉलरहून अधिक रकमेला डिस्नेला विकली. मास्तर याला विक्री म्हणत नाहीत. वडिलोपार्जित जमीन गेली, असं म्हणतात. त्यानंतर झालेले फेरफार वकीलसाहेबांना तारीखवार पाठ आहेत. २०१५च्या सातव्या भागात रे नावाची मुलगी आली. वाळवंटात भंगार वेचणारी, आईबापांची वाट बघणारी. ही कोणाची, हा प्रश्न दिग्दर्शक जे. जे. अब्रम्सने खुला ठेवला. २०१७च्या आठव्या भागाला साहेब बदलले, रायन जॉन्सन आले. त्यांनी नोंद घातली : आईबाप कोणी विशेष नाहीत, वारसाचा प्रश्न मिटला, प्रकरण दफ्तरी दाखल. २०१९च्या नवव्या भागाला पुन्हा जुने साहेब रुजू. त्यांनी आधीचा फेरफार रद्द केला आणि नवी नोंद ओढली : सदर मुलगी सम्राट पाल्पाटीनची सख्खी नात. जो सम्राट १९८३ ला खोल विहिरीत पडून मेला, त्याला हजर दाखवून ही नोंद झाली. मेलेला माणूस कागदावर जिवंत निघणं आम्हाला नवीन नाही, पण तो स्वतः येऊन भाषण करतो हे जरा जास्त झालं.

आणि शेवटी त्या मुलीने आडनाव लावलं स्कायवॉकर. ना जन्म, ना लग्न, ना दत्तकविधान. वकीलसाहेबांना आधीचे फेरफार चालतील, हा चालत नाही. “गॅझेटला दिलं का? दोन साक्षीदार कुठंयत?” असं ते विचारतात, आणि हे विचारताना त्यांचा आवाज कोर्टात लागतो तसा लागतो.

सूनबाई आठव्या भागाच्या बाजूने एकट्या उभ्या आहेत. त्या भागावर जगभर रण माजलं. पहिल्या तीन चित्रपटांचा नायक ल्यूक म्हातारा होऊन एका बेटावर एकटा राहतो, शिष्या त्याची जुनी तलवार आदराने हातात देते, आणि तो ती बघतो न बघतो तोच खांद्यावरून मागे भिरकावतो. मास्तरांच्या लेखी हा विटंबनेचा प्रकार आहे. “आमच्या ल्यूकनं असं केलंच नसतं.”

“अण्णा,” सूनबाई म्हणाल्या, “तीस वर्षं सगळ्यांचं केलं त्या माणसानं. म्हातारपणी एकदा चिडला, एकटं बसावं वाटलं, तर बिघडलं कुठं? तुम्हीच नाही का परवा रिमोट फेकला?”

मास्तरांनी कटिंग मागवला. सुनेने हा चित्रपट समजून घेतलाय की सासऱ्याला, याचा निकाल मामांनी राखून ठेवला.

पहिली गोळी कोणी झाडली, हे प्रकरण तर १९९७ पासून प्रलंबित आहे. मूळ चित्रपटात हॅन सोलो नावाचा तस्कर एका गुत्त्यात बसलाय. ग्रीडो नावाचा वसुलीवाला समोर येऊन त्याला धमकावतो आणि हॅन टेबलाखालून त्याचा निकाल लावतो. वीस वर्षांनी लुकासने सुधारित आवृत्ती काढली आणि तीत ग्रीडोने आधी गोळी झाडल्याचं दाखवलं. समोरासमोर बसून त्याचा नेम चुकतो, हे वेगळंच. यावर वकीलसाहेबांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा असतो. स्वसंरक्षणाचा हक्क म्हणाल तर तो जुन्या दंडसंहितेत कलम ९६ ते १०६ मध्ये होता, नव्या न्याय संहितेत ३४ ते ४४ मध्ये आहे. पण घटना १९७७ची, तेव्हा जुनाच कायदा लागू. जिवाला धोका असल्याची वाजवी भीती असेल, तर समोरच्याच्या गोळीची वाट बघायची गरज नाही. म्हणजे हॅन पहिल्या आवृत्तीतही निर्दोष सुटला असता. मग पंचनामा बदलला कशाला? पंचनामा बदलला की निर्दोष माणसावरही संशय येतो. मला वाटतं, या विषयावर जगात जेवढं बोललं गेलंय त्यातलं हे सर्वांत शहाणं वाक्य असावं, आणि ते कर्जतच्या टपरीवर वाया गेलं.

१९९९च्या चित्रपटाचं वकीलपत्र मात्र वकीलसाहेबांना जड जातं. तोवर ‘फोर्स’ म्हणजे चराचरात भरलेली शक्ती होती. ज्याला जाणवली त्याला जाणवली. १९९९ ला सांगितलं गेलं की ती रक्तातल्या सूक्ष्म जीवांच्या संख्येवर असते. नऊ वर्षांच्या पोराचं रक्त तपासतात आणि आकडा येतो वीस हजारांच्या वर. मास्तर तेव्हापासून संतापलेले आहेत. “श्रद्धेचा विषय पॅथॉलॉजीत नेला! डेंग्यूच्या पेशंटच्या प्लेटलेट मोजाव्यात तसं मोजलं!” आमच्याच तालुक्यात राशीनला जगदंबेच्या देवळात हलत्या दीपमाळा आहेत. एवढं उंच बांधकाम, पण वर जाऊन हलवलं की हलतं. ते का हलतं याचं स्थापत्यशास्त्र सांगणारा भेटला तर लोक शांतपणे ऐकून घेतात, मान डोलावतात आणि पुन्हा दीपमाळेलाच हात जोडतात. लुकासने राशीनची एक वारी केली असती तर तो कारण सांगण्याच्या फंदात पडला नसता.

या सगळ्यांत इंजिनिअरची जखम वेगळी आहे. डिसेंबर २०१५ मध्ये सातवा भाग अमेरिकेत १८ तारखेला लागला. भारतात त्याच दिवशी शाहरुखचा ‘दिलवाले’ आणि भन्साळींचा ‘बाजीराव मस्तानी’ लागत होते, म्हणून आपल्याकडे तो २५ तारखेवर गेला. त्या आठवड्यात न्यू जर्सीच्या आतेभावाने कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या मधोमध, हॅन सोलो कोणाच्या हातून मरतो ते लिहून टाकलं. खाली तीन मावश्यांनी भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. इंजिनिअर आजही त्या भावाशी लग्नकार्यापुरतंच बोलतो. मास्तरांना मात्र त्या आठवड्याचा अभिमान आहे. बाजीराव आयुष्यात एकही लढाई हरला नाही हे ते शिकवत आलेच होते. आता अख्खं आंतरग्रहीय साम्राज्य त्याने आठवडाभर वेशीबाहेर थांबवलं, हेही ते त्याच खात्यावर जमा करतात. शाहरुखचा वाटा ते सांगत नाहीत.

मोबाइल दुरुस्तीवाला हे सगळं ऐकतो आणि वेळ आली की एकच वाक्य टाकतो, “आपल्या ‘जादू’पुढं काय नाय.” २००३च्या ‘कोई मिल गया’ने आपल्याकडे परग्रहावरून ‘जादू’ आणला, २००६ ला ‘क्रिश’ आला आणि २०१३ ला एकदम ‘क्रिश ३’. ‘क्रिश २’ कुठे गेला, हे गिऱ्हाइकांना समजावून सांगण्यात त्याची काही वर्षं गेली. त्यामुळे चार-पाच-सहा-एक-दोन-तीन या क्रमाचं त्याला काडीचं नवल वाटत नाही. शिवाय जादूची ताकद उन्हावर चालते. “आपल्याकडं ऊनच ऊन. दिवसा फुल चार्ज. तुमच्या त्या तलवारी कशावर चालतात? लाइट रात्री दोनला येती इथं.” सौर कृषिपंपासाठी अर्ज करून बसलेल्या माणसांवर या मुद्द्याचा खोल परिणाम होतो.

आता नव्या चित्रपटाकडे. त्याचा नायक मँडलोरियन, पैसे घेऊन फरारी माणसं पकडून देणारा. त्याच्या पंथाचा नियम असा की चारचौघांत हेल्मेट काढायचं नाही. जेवतानाही नाही. कर्जत-राशीन रस्त्यावर हेल्मेट घातलेला माणूस दिसला तर लोक त्याला परगावचा समजून पत्ता सांगायला थांबतात. तिथे हे व्रत पाळणारा नायक पचायला वेळ लागला. दुसरा ग्रोगू. मोठे कान, हिरवा रंग, कडेवर मावेल एवढा. वय पन्नास. पन्नाशीला आला तरी सगळे त्याला बाळ म्हणतात याचं इंजिनिअरला हसू आलं, तेव्हा वकीलसाहेबांनी त्याला समोरच्या फलकाकडे बघायला सांगितलं. त्यावर ज्यांना ‘युवा हृदयसम्राट’ म्हणून वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या, ते ग्रोगूपेक्षा थोरले होते.

मास्तरांचा आक्षेप मूलभूत आहे. ही मूळ घराण्याची गोष्टच नाही. टीव्हीवरच्या मालिकेतून उचललेली माणसं आहेत. यात स्कायवॉकर कुठेत? त्यावर इंजिनिअरने बातमी दिली, की जब्बाचा मुलगा रोट्टा यात आहे. जब्बा म्हणजे १९८३च्या चित्रपटातला अजस्र सावकार. मास्तर दचकले. “जब्बाला मुलगा होता? मग १९८३ ला सांगितलं का नाही?” आणि त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच खरी उत्सुकता दिसली. वारस निघाला म्हटल्यावर आमच्याकडे कोणीही खुर्ची पुढे ओढतो.

एवढा राग आहे तर ही माणसं बघतात कशाला, असं मामांनी एकदा विचारलं. उत्तर कोणी दिलं नाही, पण ते मामांनाच ठाऊक असायला हवं. आमच्या गावचे संत गोदड महाराज. आषाढातल्या कामिका एकादशीला त्यांचा रथ निघतो, आणि त्या दिवशी पंढरीचा पांडुरंग स्वतः त्यांच्या भेटीला कर्जतला येतो अशी श्रद्धा आहे. देवाने भक्ताकडे यायचं, ही इथली रीत. मग ज्यांनी चाळीस-पंचेचाळीस वर्षं एका गोष्टीवर जीव लावला, त्यांनी डिस्नेने आपल्याला विचारून पुढचा भाग काढावा अशी अपेक्षा धरली, तर ती जगाला हास्यास्पद वाटेल, आम्हाला नाही वाटत. संतांनी विठोबाला काय काय सुनावलंय ते आपण टाळ वाजवत म्हणतोच. ज्याला काही देणंघेणं नाही तो चित्रपट आवडला म्हणतो आणि जेवायला जातो. हक्क आहे असं ज्याला वाटतं, तोच कागद काढून बसतो. जमिनीच्या भावकीत निदान जमीन असते. इथे कोणाच्याच नावावर एक गुंठा नाही, आणि तरी कोणी हक्कसोड पत्रावर सही करायला तयार नाही.

उरला प्रश्न पुण्याला जाऊन बघायचं कधी. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, १७ मेला लागतो. अधिकात लग्नं नाहीत, म्हणजे मे महिना असूनही माणसं मोकळी. कोर्टाला उन्हाळी सुट्टी. अडचण एकट्या इंजिनिअरची. त्याला नेमकं शनिवारी बारामतीला सासुरवाडीत धोंड्याचं जेवण, चांदीचं वाण आणि तेहतीस अनारसे. त्याने शुक्रवारच्या पहिल्या खेळाची सहा तिकिटं काढली आणि परतीच्या वाटेवर बारामतीला उतरायचं ठरवलं. सहा म्हणजे मामासुद्धा आले. टपरी एक दिवस बंद.

त्यातलं एक मास्तरांचं, यावरून जरा शांतता पसरली. मास्तर पिशवी आवरत म्हणाले, “गाडीत मला खिडकीजवळ बसवा. मागं मळमळतं.”

“पण मास्तर,” वकीलसाहेब म्हणाले, “तुमच्या लेखी तर ही मालिका १९८३ ला संपली.”

“संपलीच. पण हरकत नोंदवायची तर सुनावणीला हजर राहावं लागतं.”

“आणि अण्णा, हरकत फेटाळली तर?” सूनबाईंनी विचारलं.

“तर अपील. पुढच्या वर्षी २८ मेला ‘स्टारफायटर’ येतोय.”